मागच्या कार्बोरेटरचा सुस्कारा

त्या वर्षी मला गाड्यांचा कंटाळा आला होता. सकाळी गॅरेजचं शटर वर करतानाच हात जड व्हायचे. तीस वर्षं लोकांच्या इंजिनांपुढे वाकून पाठ कामातून गेली होती, आणि त्यात ती विलायती गाडी काही केल्या जुळत नव्हती.

गाडी दोन सीटांची, उघड्या टपाची. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर शहर सोडून गेलेल्या एका जहागीरदाराकडून ती साहेबांच्या वडिलांनी घेतलेली. साहेब म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. दर महिन्याला ते गाडी आणायचे, मी पेट्रोल-हवेचं मिक्श्चर जुळवायचो आणि मग दोघं दौलताबादच्या पुढचा घाट चढायचो. वर जाऊन प्लग काढून बघायचे. काळे पडले तर पेट्रोल जास्त, पांढरे पडले तर कमी. चहात बुडवायच्या बिस्किटाचा रंग दिसला की काम फत्ते.

या गाडीला कार्बोरेटर दोन, एक पुढं आणि एक मागं. दोघांनी सारखी हवा ओढली तरच मिक्श्चर जुळतं, नाहीतर नट कितीही फिरवा, पालथ्या घड्यावर पाणी. हवा मोजायला माझ्याकडे हातभर रबरी नळी होती. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. दोन्हींचा सुस्कारा सारखा ऐकू आला की झालं. शहरात हे कानानं जुळवणारा मीच एकटा, अशी माझी समजूत होती, आणि गिऱ्हाइकांना ती वारंवार ऐकवायचोही.

पण सहा महिने घाटावर तोच तमाशा. पुढचे दोन प्लग काळे, मागचे दोन पांढरे. मी पेट्रोलला नावं ठेवली. कार्बोरेटरच्या सुया बदलल्या, जेट धुतले. एकदा तर साहेबांनाच म्हणालो, "तुम्हीच चोक ओढून ठेवत असाल." ते "होत असेल," एवढंच म्हणाले.

सातव्या महिन्यात मी नळी घेऊन बॉनेटखाली वाकलो होतो. साहेब शेजारी उभे होते.

"मिस्त्री, बुरा मानू नका. मागच्याला कोणता कान लावता?"

"डावा. इथं उभं राहिलं की डावाच जवळ येतो."

"आणि पुढच्याला?"

"उजवा," म्हणालो, आणि तिथंच थांबलो.

डोकं न हलवता मागच्या कार्बोरेटरची नळी डाव्या कानातून काढून उजव्यात घातली. मघाशी कुजबुजणारा तो सुस्कारा आता घोंघावत होता. डाव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून सहा महिने मी मागच्याची हवा वाढवत बसलो होतो, आणि शिव्या देत होतो पेट्रोलला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी दुसऱ्या मिस्त्रींसाठी वापरत आलो होतो.

दोन्हीकडं उजवाच कान लावून काम झालं असतं. पण आता उजव्याचाही भरवसा वाटेना. साहेबांनी हात पुढं केला.

"आणा ती नळी. मी ऐकतो, तुम्ही फिरवा."

ते कानात नळी धरून वाकले, डोळे मिटून. "मागचा कमी करा. अजून. लई झालं, जरा परत. बस." मी सांगकाम्यासारखा स्क्रू फिरवत राहिलो. मग मिक्श्चरचे नट लावले आणि घाट चढलो. वर चारही प्लग बिस्किटाच्या रंगाचे निघाले. एरवी अशा वेळी मी साहेबांकडून शाबासकी मागून घ्यायचो. त्या दिवशी प्लग परत बसवले आणि दगडावर बसून राहिलो.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"दिवाळीतच. डाव्या बाजूनं हाक मारली, तुम्ही वळलाच नाय."

"मग गाडी दुसऱ्याकडं न्यायची होती."

"तुम्ही विचारलं असतं, का नेली म्हणून. काय सांगणार होतो मी?"

त्या दिवशी दुपारीच शटर ओढलं आणि घरी गेलो. बायको कणीक मळत होती. सकाळपासून मनात जुळवलेलं वाक्य एका दमात बोलून टाकलं.

"जरा मोठ्यानं बोलत जा. डाव्या कानाला कमी ऐकू येतंय मला."

तिनं परात बाजूला सारली, उठली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

"वरीस झालं," ती म्हणाली, "वरडूनच बोलायले मी."