कोळशाच्या मोटारीतली शिदोरी

मला सासरी येऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत घरात कुणी मला काही विचारलं नव्हतं. सांगत मात्र सगळे होते. पाणी आण, जातं पूस, डोक्यावरचा पदर सावर. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. माहेर राणीसावरगावचं आणि दिलं होतं चारठाण्याला, म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. मधे जिंतूर, परभणी आणि मग गंगा. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बैलगाडीनं हा रस्ता तीन मुक्कामांचा होता, त्यामुळं माहेरचं माणूस भेटायला येईल अशी आशासुद्धा मी करत नसे.

वैशाखात माझ्या धाकट्या काकांचं लग्न ठरलं. लग्नाची मूळचिठ्ठी आली, व्याही म्हणून सगळ्यांना बोलावणं होतं. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, ते धान्याचे आडते. जिंतूरच्या एका कापूसवाल्याशी त्यांची घसट होती आणि त्याच्याकडं एक मोटार होती. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून तिच्या पाठीमागं लोखंडी पिंपासारखी एक भट्टी बसवलेली होती. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या धुरावर मोटार चालायची. आप्पांनी तीच मोटार सांगून ठेवली आणि घरी येऊन म्हणाले, "एका दिसात पोचतो. दिवस उगवायला निघायचं, दिवस मावळायला ईनबाईच्या दारात." ईनबाई म्हणजे विहीणबाई, माझी आई.

घरात कुणीच मोटारीत बसलेलं नव्हतं. सासूबाईंना पहिला प्रश्न पडला तो खाण्याचा. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. गाडीनं जायचं तर काय न्यायचं हे त्यांना पाठ होतं: तांदूळ, डाळ, एक पातेलं, आणि विहीर दिसली की तीन दगड मांडायचे.

"पर मोटारीत चूल कुटं मांडावी?" त्या म्हणाल्या.

शेजारच्या एक म्हातारबाई परभणीपर्यंत एकदा मोटारीनं जाऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मोटारीत पोटात काही ठरत नाही, नुसतं लिंबू न्या. आप्पांना धपाटे पाहिजे होते, बरोबर लाल मिरचीचा ठेचा. माझी नणंद सहा वर्षांची होती, ती गूळपापडीसाठी आईच्या पदराला लोंबकळत होती. माझे मालक दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचं मत त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आत्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळल्या. मी भाकरी थापत होते.

"गं पोरी, माहेर तुजं हाय. तुज्या आईकडं लांबच्या वाटंला काय नेत्यात?"

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मला वाटलं, आपल्याला ऐकू चुकीचं आलं. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी हळूच म्हणाले, "दशम्या. दुधातल्या, गूळ घालून." त्यांनी मान हलवली. त्यांचं ते मान हलवणं बघून माझी भीड चेपली आणि मी आणखी बोलून गेले, "अन् सातूचं पीठ."

म्हातारबाई खुदकन हसल्या. "आगं, व्याह्याच्या दारी निघालात अन् सातू? दुखणेकऱ्याचं खाणं त्ये. लोक काय म्हणतील?"

माझी मान खाली गेली. आत्याबाई म्हणाल्या, "लोक मोटारीत न्हाईत. आमी हावोत. कर गं सातू."

दोन दिवस मी त्या कामात होते. गहू ओले करून कांडले, वाळवले, खापरात खरपूस भाजले, त्यात फुटाण्याची डाळ आणि थोडी सुंठ घालून जात्यावर दळलं. दळताना मी ओव्या म्हणत होते. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दशम्या केल्या. आत्याबाईंनी बजावलं होतं, "निवू दे चांगल्या, मग डब्यात घाल." शेवटची दशमी तव्यावर होती तेव्हा वेशीकडून भोंग्याचा आवाज आला. मोटार आली होती. पोरं ओरडत पळाली, नणंद पळाली, आत्याबाईसुद्धा ओसरीवर गेल्या. मला राहवलं नाही. वाफ निघत असलेल्या दशम्या मी एकावर एक पितळेच्या डब्यात रचल्या, झाकण घट्ट दाबलं, वर फडकं बांधलं आणि खिडकीपाशी गेले.

सकाळी निघायला उशीर होईल म्हणून मोटारवाले खाँसाब भोंगा वाजवायला लागले. आत्याबाईंच्या गळ्यात इष्टलिंग होतं. पूजा केल्याशिवाय त्या अन्नाला शिवत नसत आणि त्या गडबडीत पूजा राहून गेली. "वाटंत करीन," म्हणाल्या. पुढं खाँसाब, त्यांच्या शेजारी माझे मालक आणि कडेला आप्पा. मागं आम्ही तिघी. सासऱ्यांसमोर नवऱ्याजवळ बसण्याची आफत टळली म्हणून मला हायसं वाटलं. डब्याला आत जागा नव्हती. तो भट्टीच्या बाजूला मागच्या फळीवर बांधला. सातूचं गाठोडं मी मांडीवर घेतलं.

जिंतुरात मोटार थांबली तेव्हा धपाटे सोडले. आप्पा, मालक आणि खाँसाब यांनी ते तिथंच संपवले. मी आणि नणंदेनं एकेक खाल्ला. आत्याबाईंनी नुसतं तोंड धुतलं.

बोरीच्या पुढं मोटार खोकायला लागली आणि उभीच राहिली. खाँसाब उतरले, भट्टीचं झाकण उघडलं, राख काढली आणि पंख्याची मूठ गरागरा फिरवू लागले.

"सावकार, कोयला गीला है," ते आप्पांना म्हणाले. "जरा ठैरना पडता."

तो जरा चांगला दोन घटकांचा झाला. धूर सगळा आमच्या अंगावर येत होता. नणंदेला उलट्या सुरू झाल्या. धपाट्याचं नाव काढलं तरी ती ओकारी द्यायची. मी तिच्या जिभेवर लिंबू धरलं, आत्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालत राहिल्या. पोटात सकाळपासून काही नसलेली बाई, पण कुरकुर नाही. परभणीत थांबू या, असं मालक म्हणाले. आप्पा म्हणाले, "आता गंगंवरच. आंघूळ हुईल, सावलीत जेवू."

गंगेवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उन्हाळ्यात पात्राचा बराच भाग वाळूचाच. मोटार वाळूतून जाणं शक्य नव्हतं, तिला बैल लावून ओढून न्यायचं होतं. आप्पा आणि मालक बैलवाल्यांच्या शोधात गेले. वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्या लावलेल्या होत्या. एका वाडीवाल्याच्या झोपडीच्या सावलीत आम्ही बसलो. आत्याबाई नदीत उतरल्या, आंघोळ केली, ओल्या लुगड्यानंच काठावर बसून डाव्या तळहातावर लिंग घेतलं, पाणी वाहिलं, विभूती लावली. मी बघत बसले. त्यांचे ओठ उन्हानं सुकले होते.

बैल घेऊन आप्पा आले, सगळे बसले आणि आत्याबाईंनी डबा उघडला.

वास मला आधी आला. त्यांनी वरची दशमी उचलली तर तिच्याबरोबर खालच्या दोन चिकटून आल्या आणि मधे तार सुटली. दुधाच्या दशम्या, गरम बांधलेल्या, रात्रभर घामेजलेल्या आणि दिवसभर भट्टीजवळ. सगळा डबा आंबला होता.

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मला वाटलं, वाळू फाटावी आणि मी आत जावं.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"नासल्या," आत्याबाई म्हणाल्या. "माजंच चुकलं. काल मोटार आली तशी घाईत गरमच घातल्या म्या."

आप्पा भुकेलेले होते, उन्हानं तापलेले होते. "पंचवीस वर्सं संसार केला अन् दशमी बांधता येईना? ल्हान पोर हाय का तू?" बैलवाले ऐकत होते, खाँसाब ऐकत होते. आत्याबाईंनी खाली मान घालून डबा झाकला. त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही, आणि त्याची लाज मला आजही आहे.

मग त्या म्हणाल्या, "सातू सोड गं."

मी गाठोडं सोडलं. गंगेच्या पाण्यात गूळ विरघळवला, पीठ कालवलं आणि एकेक वाटी भरून दिली. आप्पांनी पहिली वाटी संपवली आणि पुन्हा पुढं केली. खाँसाबांसाठी मी पानाच्या द्रोणात दिलं. "वा बेटी, पेट ठंडा हो गया," ते म्हणाले आणि उठून वाडीवाल्याकडून दोन खरबुजं घेऊन आले. सकाळपासून काही न ठरलेल्या नणंदेच्या पोटात सातू ठरलं. ती दोन वाट्या खाऊन वाळूत खेळायला गेली. आत्याबाईंनी सगळ्यांच्या शेवटी खाल्लं, सावकाश, बोटांनी वाटी पुसून.

बैलांनी मोटार वाळूतून पलीकडं ओढून काढली. गंगाखेडच्या पुढं चढ लागला तशी ती पुन्हा दमली. माणसं उतरल्याशिवाय ती चढणार नव्हती. पुरुष पुढं मोटारीमागून चालू लागले, आम्ही दोघी मागं पडलो. नणंद आत झोपली होती. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

"आत्याबाई, त्या दशम्या मी गरम बांधल्या हुत्या."

"मला काय ठावं न्हाई?" त्या म्हणाल्या.

"मंग तुमी..."

"तुला बोलले असते तर तू रडली असतीस. रडून रडून डोळे सुजवून आईच्या दारात उतरली असतीस. ईनबाईला काय वाटलं असतं? चार महिन्यांत पोरीचं काय केलं ह्यांनी?" चढावर त्यांना धाप लागत होती. "माजं काय गं. मला ऐकायची सवय हाय. चल, पदर नीट घे. गाव जवळ आलं."

मी त्यांचा हात धरला. त्या घरातल्या कुणाचा हात मी आपणहून धरायची ती पहिलीच वेळ.

मी त्यांच्या हाताखाली पुढं कितीतरी वर्षं काढली. त्या साध्या नव्हत्या. मिठासाठी बोलल्या, माझ्या माहेरच्या बोलण्याला हसल्या, एकदा दोन दिवस माझ्याशी अबोलाही धरला. पण त्या चढावर मला जे मिळालं होतं ते पुढच्या कुठल्याच भांडणात खर्ची पडलं नाही. ज्या बाईनं उपाशीपोटी माझी चूक आपल्या अंगावर घेतली, तिच्याविषयी मनात वाईट येऊ लागलं की मला आपोआप ती गंगेची वाळू दिसायची.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आई दारात तांब्या घेऊन उभी होती. मी उतरले ती हसतच. आत्याबाईंनी पाय धुऊन घेतले आणि सगळ्या बायका ऐकतील अशा आवाजात म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या लेकीनं हट्टानं सातू घेतलं म्हणून आमी तगलो. न्हाईतर माज्या भरवशावर उपाशीच आलो असतो." आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. आप्पा ओसरीवर पानसुपारीची चंची सोडत होते. तेही म्हणाले, "हां, सातू लय कामाला आलं."

लग्न झालं. रीतीप्रमाणं मी त्यांच्याबरोबर परत जायची होते. निघायच्या सकाळी आत्याबाई आप्पांना म्हणाल्या, "पोरीला ऱ्हाऊ द्या महिनाभर. उन्हाचं परत कुटं धुरात न्यायची." आप्पांनी कोळसा भरणाऱ्या खाँसाबांकडं पाहिलं आणि हो म्हणाले.

मोटार धूर सोडत वेशीबाहेर गेली. नणंद मागं वळून हात हलवत होती, आत्याबाई पुढंच बघत होत्या. महिनाभर माहेर मिळालं म्हणून मी आनंदानं उड्या मारायला पाहिजे होत्या. त्याऐवजी मी दारात उभी राहून मुसमुसायला लागले. आईनं मला जवळ घेतलं.

"सासू गेली म्हणून रडणारी पोरगी मी आजच बघायले," ती म्हणाली, आणि मला आत घेऊन गेली.