कॅल्शियम आत शिरलं की...

प्राणिशास्त्र विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत. डबक्याच्या पाण्याची बाटली खिडकीत ठेवली की तिला आपोआप शेवाळ धरतं, तसेच तेही धरतात. त्यातून ओतूरकडच्या आमच्या कॉलेजात हेड होते गाडेकर सर, म्हणजे शेवाळाला खतच! सरांचा जीव एकाच विषयात अडकलेला : पेशीतलं कॅल्शियम. आणि एका जागी उभे राहतील तर शपथ! शिकवता शिकवता व्हरांड्यात जायचे आणि उरलेलं वाक्य पोरं खिडकीतून ऐकायची.

*

"सुरुवातीच्या पेशींना कॅल्शियम म्हणजे विष!" सर एकदा तास घेत होते. "आत साठलं की पेशी मेली. म्हणून ते बाहेर फेकायला पंप आले. बाहेर ढीगभर, आत जवळजवळ नाहीच. मग पुढं गंमत झाली. एवढंसं जरी आत शिरलं तरी पेशीला लगेच कळायला लागलं. त्याचाच निरोप झाला! यीस्टमध्ये तेच, तुमच्या मेंदूत तेच, मूठ मिटताना स्नायूत तेच!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी सर, ज्या पावण्याला दारात उभं करत नव्हते, त्याच्याच हाती निरोप धाडायला लागले?"

सर थबकले. "पुढं ये. उरलेला तास तू घे!"

आणि खरंच निघून गेले!

*

कॉलेजच्या तपासणीला समिती आली. सरांनी मायक्रोस्कोपखाली पॅरामेशियम लावून ठेवला. हा एकपेशीय प्राणी कशालाही धडकला की त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरतं आणि स्वारी उलटी पोहत मागं फिरते. सरांना साहेबांना तेच दाखवायचं होतं.

समितीच्या अध्यक्षांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "मला तर काहीच दिसत नाही."

सर कासावीस! "आत्ता होता साहेब! तुम्हाला बघून मागं फिरला असेल!"

*

मग सरांना बीपीची गोळी सुरू झाली. पेशीतली कॅल्शियमची दारं अडवणारी गोळी! आता सरांना चैन कुठलं? त्यांनी एक गोळी कुटली आणि डबक्याच्या पाण्यात टाकली. कॅल्शियमची दारं अडली तर पॅरामेशियम मागं फिरायचं विसरतो का, ते बघायचं होतं.

सारी दुपार सर स्टुलावरून उठत होते, बसत होते. पॅरामेशियम आपले मजेत धडकत होते, मजेत मागं फिरत होते.

"त्यांची दारं वेगळी असणार," सर हिरमुसून म्हणाले. "मधल्या काळात उत्क्रांती केवढी झालीय!"

सरांच्याच हाताखाली शिकवणारी मी म्हटलं, "किंवा त्यांना बीपीच नसेल, सर. त्यांच्याकडं डिपार्टमेंट नाही ना!"

*

एका पोरीचे वडील खोडदहून आले. टोमॅटोचे बागायतदार. "सर, आमची पोरगी घरी नुसतं कॅल्शियम-कॅल्शियम करती. ह्ये हाय तरी काय?"

झालं! सरांनी अमीबापासून सुरुवात केली ती हृदयाच्या ठोक्यापर्यंत. पाहुण्यांनी मान डोलावत सगळं ऐकलं.

"लई भारी सर. पन आमच्या टोमॅटोची बुडं काळी पडत्यात. दुकानदार बी कॅल्शियमच मारा म्हनतोय. त्याचं अन् तुमचं एकच का?"

"एकच!"

"आवो, मग त्याच्याकडं ते बाटलीत मिळतंय की! तुमी आजून शोधताय व्हय?"

*

आणि ही रोहिणीची गोष्ट. हुशार, पण चारचौघांत तोंड न उघडणारी. आदल्या वर्षी तोंडी परीक्षेत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. घरच्यांनी बजावलं होतं, "यंदा शेवटचं."

तिचा नंबर यायच्या आधी व्हरांड्यात ती जोरजोरात श्वास घ्यायला लागली. बघता बघता दोन्ही हातांची बोटं आखडली, मनगटं वाकली.

"मॅडम, हात उघडंना!" ती रडायला लागली.

कुणी म्हणालं कांदा हुंगवा, कुणी म्हणालं अंगात आलंय. मी डॉक्टरांना फोन लावला. सर धावत आले आणि तिच्यासमोर फरशीवरच बसले.

"माझ्याकडं बघ. हळू घे... हळू सोड. आणखी हळू."

सरांचाही श्वास फुललेला होता. पण दोघांचा मिळून हळूहळू ताळ्यावर आला. एकेक बोट सुटत गेलं.

"घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, पोरी. मग नसा उगाच भडकतात," सर म्हणाले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनीही तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं.

"उद्या देतेस का परीक्षा? मी बोलतो."

"नाय सर. आत्ताच."

पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडम कडक होत्या. व्हरांड्यात काय झालं ते त्यांच्या कानावर नव्हतं. त्यांनी विचारलं, "कॅल्शियम शरीरात निरोप पोहोचवतं, याचं एखादं उदाहरण सांग."

रोहिणीनं तोंड उघडलं. शब्द नाही. मी दारात उभी, माझ्याच्यानं बघवेना. बाहेर सरांच्या चपलांचा आवाज इकडून तिकडं, तिकडून इकडं.

मग रोहिणीनं उजवा हात टेबलावर ठेवला. सावकाश मूठ मिटली. सावकाश उघडली.

"हे," ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"पुन्हा कर बरं," त्या म्हणाल्या, आणि आपलाही हात टेबलावर ठेवला.