राघूनं टोचलेला पेरू
मंडईत पिकल्या पेरूंचा वास आला की मला सणसरच्या आमच्या बागेतली ती सकाळ आठवते. बारामतीहून आलेल्या व्यापाऱ्यानं डागाळलेली फळं बाजूला सारली, “ही अप टू द मार्क नाहीत,” म्हणाला आणि बाकीची टेम्पोत घालून गेला. वडिलांनी मला विचारलं, “म्हंजी काय गं?” मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकत होते. “पाहिजेत तेवढी चांगली न्हाईत,” मी सांगितलं. “कुणी कामात कमी पडलं, तरी असंच म्हणत्यात.” थोरली बहीण खाली मान घालून रिकामे क्रेट पुसत होती. “आन् पोरगी बघून पाव्हण्यांनी न्हाय म्हणून कळवलं, तर?” ती म्हणाली. आदल्या दिवशीच तिला नकार आला होता. वडिलांनी त्या बाजूला सारलेल्या ढिगातून पोपटानं टोचलेला एक पेरू उचलला, फोडला आणि मोठी फोड तिच्या हातात दिली. “खा. राघू अगोड फळाला चोच लावत न्हाय.” पहिल्याच घासाला तिला रडता रडता हसू फुटलं. आता ऑफिसात ते इंग्रजी शब्द कुणी मला ऐकवले, की म्हणणारा चाखून बघणारा राघू आहे का नुसता डाग बघणारा व्यापारी, एवढंच मी बघते.