उलट्या पिळाची पट्टी

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की वैतागून उठून जाणाऱ्यांतली मी. बीएस्सी ॲग्री झालेय, तोंडानं फटकळ आहे. पण हे काही केल्या मनातून जाईना, म्हणून लिहितेय...

भाटघरच्या बाजूला विद्यापीठाच्या शेतावर आंब्याची रोपवाटिका मी बघते. तिथे कलमं बांधायला हिर्डोशीचे दत्तूअण्णा होते. डावखुरे — त्यामुळे कलमावर गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीचा पीळ आम्हा सगळ्यांच्या उलट. मी चिडवायचे, "अण्णा, तुमचं सगळंच उलटं!"

गेल्या पावसाळ्यात रस्ता रुंद करताना त्यांच्या दारातला आंबा तोडला. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, अन्न सोडलं. अण्णांनी कलमासाठी पडलेल्या झाडाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या. "म्याडम, आज उशीर झाला, उद्या बांदतो. येक तरी जगलं पायजे. ती लई रडती वो."

घरी जाताना घाटरस्त्यावर त्यांची गाडी घसरली. अण्णा जागीच गेले.

अंत्यविधीहून आले तर काड्या सुकायला लागलेल्या. रडत रडत मीच सगळ्या रोपांवर बांधल्या. शेडनेटला कुलूप घातलं, किल्ली माझ्याजवळ.

एकेक कलम वाळत गेलं. एकच फुटलं. जवळून बघितलं, तर... पट्टीचा पीळ उलटा! मी उजव्या हाताची. नंतर मुद्दाम करून पाहिलं, तसा पीळ मला जमतच नाही.

काही न सांगता ते रोप वहिनींना नेऊन दिलं. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "ह्ये त्यांनीच बांदलंय."

आता, कलम जुळलं की पट्टी कापावीच लागते. नाहीतर खोड जाड होतं तशी ती आवळते. पण वहिनी हात लावू देईनात. गेल्या महिन्यात गेले, तर पट्टी खोडात रुतलेली, पानं पिवळी. माझा तोल सुटला. "वहिनी, मरेल ते! अण्णांनी ह्याच्यासाठी आणल्या होत्या का काड्या?"

त्या म्हणाल्या, "कापा. म्या बगत न्हाई." आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी कापली. वहिनींनी ती पट्टी मुठीत धरली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आत्ता गेले बगा."

कलमाला आता नवी पालवी आहे. ते बांधलं कुणी, मला खरंच सांगता येत नाही. पट्टी कापली मात्र मी.