थांबणारी गाडी

दादा गेल्याचं कळल्यावर भेटायला आलेल्या बहुतेकांनी आधी हेच विचारलं, "गाडीवरून पडले का हो?" नाही हो, नाही! माझा भाऊ गाडीवरून पडला नाही. मंद्रूपला फिरतीवर गेला, तिथे तापानं फणफणला आणि त्याला सोलापूरला आणायची तजवीज होते न होते तोच सगळं आटोपलं. मी शाळेत मुलींची उजळणी घेत होते. शिपाई दाराशी येऊन नुसताच उभा राहिला. "अहो, काय ते बोला की!" मी म्हटलं... आणि तो बोलला. आता महिना उलटला, तरी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी फटफट ऐकू आली की मी चुलीवर चहाचं आधण ठेवायला उठते.

दादा सरकारी ढोरडॉक्टर होता. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा घरात दोनच वस्तू धड होत्या, औषधांचं कपाट आणि ती मोटारसायकल. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली, आधीच म्हातारी झालेली, डाव्या अंगाला साइडकार लावलेली. खेड्यातली माणसं त्या साइडकारला पाळणा म्हणत, म्हणून आम्हीही पाळणाच म्हणू लागलो. पाळण्यात लशीच्या बाटल्या आणि सुट्टीच्या दिवशी मी. गाडी धावायची झकास. थांबायच्या नावानं मात्र बोंब! पुढच्या चाकाला सायकलीसारखे रबराचे दोन ठोकळे, मागे चाक फिरवणारा पट्टा ज्या कप्पीवर बसतो तिच्यावर एक. धूळ बसली की घसरत, पाणी लागलं की मुळीच धरत नसत. उतारावर दादा सरळ उजवा पाय खाली सोडून घासत न्यायचा. त्याची उजवी वहाण नेहमी टाचेला झिजलेली. चांभार चेष्टेनं विचारायचा, "डाक्टरसायेब, एकाच पायाची करून देऊ का?"

चेष्टा संपली ती मंद्रूपच्या वाटेवरच्या उतारावर. वळणापलीकडे लगमव्वाचा कळप रस्ताभर पसरलेला होता. लगमव्वा म्हणजे त्या भागातली धनगरीण, नवऱ्यामागं सगळा कळप एकटीनं राखणारी. दादानं ब्रेक आवळले, पाय घासला, ओरडला... गाडी काही थांबली नाही. गाडीखाली गेला तो नेमका घुंगराचा एडका, ज्याच्या मागनं सगळी मेंढरं चालत. दादा भरपाई देऊ लागला, तर तिनं त्याच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. "मेंढरांचा डाक्टर म्हनं! आन् मेंढरंच मारत हिंडतूस व्हय रं? पुन्यांदा माज्या तळावर पाऊल टाकू नगंस." त्या वर्षी मेंढ्यांना देवी येण्याचं भय होतं. आसपासच्या कळपांनी टोचून घेतलं, लगमव्वानं नाही घेतलं. दादाला जेवण गोड लागेना. "कमळ, तिची मेंढरं मेली तर ती माझ्यामुळेच मेली म्हणायची," असं तो ताटावर बसून म्हणायचा. मी वैतागून म्हटलं, "अरे, मग कर्णा मोठा लाव, बाजूला होतील." तर माझ्यावरच उसळला, "त्यांनी का बाजूला व्हायचं? थांबायचं मी!"

मग घराचा कारखाना झाला. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं नव्या धर्तीच्या एका मोडक्या गाडीचं पुढचं चाक आणलं. त्याच्या मधोमध लोखंडी डबा होता. हातातली दांडी ओढली की डब्याच्या आतले दोन अर्धगोल फाकत आणि डब्याला आतून घट्ट धरत. धूळपाण्याचा तिथे शिरकाव नाही. आमच्या जुन्या गाडीत ते चाक काही सुखासुखी बसेना. गिरणीतले व्यंकय्या मिस्त्री रविवारी येत. दोघं अंगणात उकिडवे बसून आडवी पट्टी ठोकत, तार कापत, पुन्हा जोडत. पट्टी नीट अडकवली नाही तर चाकाबरोबर डब्याचं झाकणही फिरेल आणि ब्रेक धरणारच नाही, एवढं मलाही कळायला लागलं होतं. चाचणीला पाळण्यात वजन हवं, म्हणून मला बसवलं. मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या दिला, सांडता कामा नये अशी ताकीद! कुंभारीच्या वाटेवर दादानं दांडी ओढली. गाडी थांबली हो, पण पाळणा कुठला थांबतोय! तो तसाच पुढं निघाला, सगळ्या गाडीनं उजवीकडे गिरकी घेतली आणि आम्ही बाभळीत. मी नखशिखांत भिजलेली, दादाच्या डोक्यात काटे, आणि बघायला रस्त्यात उभे राहिलेले मिस्त्री पोट धरून हसतायत. त्यानंतर पाळण्याच्या चाकालाही लहानसा ब्रेक लागला आणि माझी लुगडी कोरडी राहू लागली.

एवढ्यानं लगमव्वा कुठली मानतेय! दादा मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी मुद्दाम त्या उतारानं जायचा. कळप दिसला की लांबच थांबायचा, इंजिन बंद करायचा आणि शेवटचं कोकरू पुढं जाईपर्यंत नुसता बसून राहायचा. ती मान वळवून निघून जायची. असं किती बाजार चाललं कोण जाणे. एकदा मी बरोबर असताना ती पाळण्याजवळ येऊन उभी राहिली. "थांबतंय व्हय आता तुजं गाडं?" "थांबतं," दादा म्हणाला. तिनं काठीनं पुढचं चाक ठोकून पाहिलं. "मग चल की. टोचायचं ऱ्हायलंय न्हवं?" सगळा कळप टोचून होईपर्यंत दादा उन्हात वाकून होता, आणि घरी येताना वाटभर बेसूर गात होता. त्या वर्षी तिचं एकही मेंढरू देवीनं गेलं नाही. पुढं पुढं तर गाडीचा आवाज आला तरी ती मेंढरं रस्ता सोडेनाशी झाली.

दादा गेल्यावर गाडी मंद्रूपच्या चावडीत पडून होती. गेल्या आठवड्यात मिस्त्री आणि मी ती आणायला गेलो. येताना तोच उतार, तोच कळप. गाडीचा आवाज ऐकून एकही मेंढरू हललं नाही. मिस्त्रींनी दांडी ओढली, गाडी थांबली, इंजिन बंद झालं. मेंढरं गाडीला अंग घासत दोन्ही बाजूंनी चालली. मागनं हसत हसत लगमव्वा आली, गाडीवर मिस्त्री बघून थबकली. "डाक्टर कुटं हाय?" तोवर सगळ्यांनी मलाच सांगितलं होतं, मी कुणाला सांगितलं नव्हतं. "गेला गं," मी म्हटलं, आणि इतक्या दिवसांनी हमसून रडले. ती खाली बसली. कमरेच्या पिशवीतून भंडारा काढून तिनं पुढच्या चाकाच्या त्या डब्याला लावला आणि मिस्त्रींना म्हणाली, "जरा थांब. सगळी जाऊ देत."

गाडी आता अंगणात असते. रविवारी मी ती पुसते. तो डबा तेवढा सोडून.