दादांच्या पिकपचं पायदान

देवाच्या पायांकडे सगळेच बघतात. माणसांच्या पायांकडे जन्मभर बघणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे चुलत दादा. समोरून कोणी आलं की दादा आधी पाय बघणार, मग गुडघे, आणि वेळ उरला तर तोंड. गावात नवी सून आली की बायका तिच्या रंगावर, नाकावर, केसांवर बोलायच्या. दादांना विचारलं, "कशी हाय हो पोरगी?" तर म्हणायचे, "उंबऱ्यावर चांगला वीतभर पाय उचलती. चढंल." चढंल म्हणजे त्यांच्या पिकपवर चढेल. एवढं जमलं की दादांच्या लेखी त्या पोरीत दुसरी खोट नव्हती. एकदा अहमदपूरच्या बाजारात एका माणसाशी ते चहा संपेपर्यंत बोलत उभे होते. तो गेल्यावर वहिनींनी विचारलं, "कोण होते हो?" दादा म्हणाले, "नाव न्हाई ध्यानात. डावा गुडघा धरलाय बघ त्याचा."

पिकपच्या आधी आमच्या घरी देवणी बैलांची जोडी होती. आजोबा गेले, बैल थकले, आणि दादांनी पिकप घेतली. सोयाबीनची पोती लातूरला आणि भाजीपाला नांदेडला न्यायचा, असा त्यांचा धंदा. पण बैलगाडी काही त्यांच्या मनातून गेली नाही. बैलांचा कासरा त्यांनी जपून ठेवला होता, तो पिकपच्या डाव्या दाराच्या आत बांधला, चढताना बायांना धरायला. कोणी हसलं की सांगायचे, "बैल सोडून जू भुईला टेकवलं की गाडी पुढून वाकायची. म्हाताऱ्या बाया नुसत्या आत सरकायच्या. बैलगाडी बाईसाठी वाकत होती, ही वाकत न्हाई. एवढं लाखाचं लोखंड, पण अक्कल न्हाई त्याला." हे बोलताना ते पिकपकडे असं बघायचे, जसं मास्तर बाकावर उभ्या केलेल्या पोराकडे बघतात.

या गाडीला वाकायला शिकवण्याचा दादांना जो नाद लागला, त्याचं मूळ माझ्यात आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दादांनी तर कधीच सांगितलं नाही.

माझं सासर औशाजवळ. मला सख्खा भाऊ नाही. आमच्याकडे नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला मुराळी यावा लागतो, भाऊ नाहीतर भावासारखा कोणी. आपलं आपण उठून गेलं तर जाता येतं, पण ते जाणं झालं, नेणं झालं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला दादा पिकप घेऊन आले. दारात सासरे उभे, पारावर गावची माणसं बसलेली. पिकप माझ्या कमरेएवढी उंच. मी बुटकी, त्यात नवी साडी. एकदा पाय उचलला, पोहोचला नाही. पुन्हा उचलला तर पोटरी दिसली, म्हणून खाली घेतला. पारावरून कोणीतरी म्हणालं, "उचलून ठिवा की पोत्यावानी." सगळे हसले. वाईट कोणी नव्हतं, पण हसले. मी डोकं दुखतंय म्हणून घरात निघून गेले ती बाहेर आलेच नाही. दादांनी ओट्यावर बसून चहा घेतला, सासऱ्यांना रामराम केला आणि रिकामी गाडी घेऊन गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते. दादांनी वर बघितलं नाही. मी जिथं उभी राहिले होते तिथल्या चिखलात माझ्या पायांचे ठसे होते, ते बघत होते.

पुढच्या पंचमीला पिकप आली तेव्हा तिला दोन्ही दारांखाली चकचकीत पाइप बसवलेले होते. नांदेडच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून आणलेले. ऊन पडलं की त्यात तोंड दिसायचं. मी त्यावर पाय ठेवून चढले, गेले, पंचमी केली, परत आले. पण त्याच पावसाळ्यात ओल्या पाइपावरून आमची काकू घसरली, म्हणजे दादांची आई. काकूला काही लागलं नाही, पण तिच्या डोक्यावरची वांग्यांची पाटी उलटली आणि वांगी उतारावरून थेट मारुतीच्या देवळापर्यंत गेली. दादांनी वांगी गोळा केली नाहीत. पाना काढला आणि भर रस्त्यात दोन्हीकडचे पाइप उतरवले. ते पाइप आता वहिनींच्या अंगणात धुणं वाळत घालायला आहेत. तेवढी चकचकीत वलण अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नसेल.

मग त्यांनी उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा आणला आणि लातूरच्या एका वेल्डिंगवाल्याच्या मागे लागले. पायदान फक्त डाव्या बाजूला, पण दारापासून मागच्या चाकापर्यंत लांब, म्हणजे मागं बसणाऱ्या बायांनाही पाय ठेवता येईल. वेल्डिंगवाला आधी खूश होता. नंतर दादांची पिकप लांबून दिसली की तो जेवायला जायचा, मग सकाळ असो की दुपार. "बोटभर खाली घे," दादा म्हणायचे. खाली घेतलं की "अर्धं बोट वर." शेवटी तो वैतागून म्हणाला, "दादा, याच्यावरून पोती चढवायचीत का नवरी?"

"दोन्ही," दादा म्हणाले. "पोतं बोलत न्हाई आन नवरी बी बोलत न्हाई. म्हणून मला बोलावं लागून राहिलंय."

ते पायदान झालं तर त्याच्या कडेला साडीचे काठ अडकायला लागले. दादांनी वहिनींना त्यांची लग्नातली साडी नेसायला लावली आणि सकाळपासून चढा-उतरायला लावलं. जिथं काठ अडकेल तिथं खडूनं खूण. वहिनी म्हणाल्या, "या साडीत मला एकदा तुळजापूरला न्या म्हनलं होतं. न्हेलं न्हाई. आता अंगणातल्या अंगणात पन्नास खेपा घालून राहिले." दादांनी खडू पुढं केला आणि म्हणाले, "हितं परत ठिव पाय." कडा घासल्या, त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या टायरच्या पट्ट्या बसवल्या. पण बोटबोट करत पायदान इतकं खाली आलं होतं की प्रत्येक गतिरोधकाला खरडायचं. गाडी यायच्या आधी तिचा खरखर आवाज गावात पोहोचायचा आणि कुत्री उठून बसायची. शेवटी बिजागरी लावून घडीचं पायदान केलं. चालताना वर उचललेलं, थांबलं की साखळीवर खाली सोडायचं.

ते किती खाली सोडायचं, हे ठरवायला त्यांनी अंगणात विटा मांडल्या. जाईल येईल त्या बाईला बोलावायचे. "ये माय, जरा चढून बघ." कोणी कडेवर लेकरू घेऊन चढायची, कोणी डोक्यावर घागर घेऊन. दादा उकिडवे बसून गुडघ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "एक वीट काढा." नाहीतर, "एक ठिवा." वहिनी म्हणायच्या, "एवढ्या विटांत न्हाणीघर झालं असतं." पण दादांनी गावातल्या सगळ्या लेकीसुनांचा अंदाज घेतला तेव्हाच विटा उचलल्या. साखळीला निरनिराळ्या कड्या होत्या. काकूची कडी वेगळी, माझी वेगळी. कोणत्या दारात कोणती कडी लावायची हे त्यांना पाठ होतं.

गावातली पोरं चिडवायची, "दादानं गाडीला जोडवी घातली." दादा शांतपणे म्हणायचे, "घातली. सवाशीण हाय ती." आणि पुढच्या आठवड्यात पायदानाला लाल काठ रंगवून आणला. त्याच पेंटरकडून कडेला अक्षरं काढून घेतली. बाकीच्या गाड्यांवर लोक आईवडिलांची पुण्याई लिहितात, नाहीतर लेकरांची नावं. दादांनी लिहून घेतलं, "सावकाश चढा. कोणी बघत नाही."

आता अशी पाटी दिसल्यावर न बघणारा माणूसही बघतो. औशाच्या चौकात लोक वाकून ती वाचायचे आणि मग कोण चढतंय ते बघायला थांबायचे. दादांनी त्यावरही उपाय काढला होता. आमच्या दारात आले की गाडी वळवून डावी बाजू गोठ्याच्या भिंतीला लावायचे. पार तिकडं, मी इकडं. खाली उतरायचे, साखळी सोडायचे, माझी कडी लावायचे, खांद्यावरच्या दस्तीनं पायदान पुसायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

"ठिवला का पाय?"

"हाव."

"कासरा धरला?"

"धरला."

मगच वळायचे. किती पंचम्या अशा गेल्या. मला घेऊन लातूर, तिथून देवणीकडं दिलेल्या आमच्या गावच्या दोघी लेकी, मग इकडं अहमदपूरच्या वाटेवरच्या. प्रत्येक दारात तेच, साखळी, दस्ती, भिंतीकडे तोंड. गाव येईपर्यंत मागच्या हौद्यात पंचमीची गाणी सुरू झालेली असायची. घरात तोंड न उघडणारी मी तिथं गायची. आई-बाबा होते तोवर आमच्या घराशी उतरायची. ते गेल्यावर त्या घराला कुलूप लागलं, तेव्हा दादांनी गाडी स्वतःच्या दारात नेली आणि माझी कडी लावून साखळी सोडली.

त्यांच्या स्वतःच्या बाजूला मात्र पायदान नव्हतं. दार धरून एका झेपेत वर चढायचे. एकदा वहिनींनी सुचवलं, "तुमच्या बाजूला बी एक लावा." तर म्हणाले, "मी काय लेकबाळ हाय का?"

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात लकवा मारून दादांची डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, हात थोडा राहिला, पाय उचलेना. गाडीवर पगारी ड्रायव्हर ठेवला. पंचमीच्या दिवशी मी सकाळी न्हाऊन, बांगड्या भरून बसले होते. दुपार झाली. माझे मालक म्हणाले, "एसटीनं जा. बायांना अर्धं तिकीट हाय. मी बसवून देतो." ते मायेनंच म्हणाले. पण मी कुठं जाणार होते? कुलपाच्या दाराशी? दादांच्या घरी पाहुणी म्हणून? संध्याकाळी बांगड्या काढून ठेवल्या. पारावर पोरांनी झोका बांधला होता, त्याचा आवाज ऐकत भाकरी केल्या.

यंदा पंचमी तोंडावर आली तेव्हा मीच फोन केला. मी कोणाला आपणहून फोन करत नाही. दादा म्हणाले, "मागच्या साली ऱ्हाऊन गेलं बाई. यंदा ड्रायव्हरला पाठवतो."

"ड्रायव्हर मुराळी असतो का, दादा?"

"मंग काय करू? मला चढता येईना."

"डाव्या बाजूनं बसा. पायदान हाय की."

"ते लेकीबाळीचं हाय." मग हळू आवाजात म्हणाले, "अख्ख्या गावासमोर त्याच्यावरनं चढू का मी? धरून चढवावं लागंल मला. पोरं हसतील."

दादांना उलटून बोलायची माझी सवय नाही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. मी म्हणाले, "दादा, त्याच्यावर काय लिवलंय?"

मागून वहिनींचा आवाज आला, "कोण हाय? काय म्हणतीय?" दादा मला म्हणाले, "बघतो."

बघतो म्हणजे येतो का, ते मला ठाऊक नाही. वहिनींना विचारायचं धाडस झालं नाही. पण इथपर्यंत आले तर त्यांना उतरावं लागेल. मुराळी गाडीत बसून चहा घेत नाही. म्हणून गोठ्याच्या भिंतीजवळ, जिथं पिकपची डावी बाजू येते, तिथं मी विटा मांडल्यात. सकाळी अंगण झाडून झालं की दादांसारखा डावा पाय ओढत विटांवर चढून बघते, उतरून बघते. एखाद्या दिवशी दोन बऱ्या वाटतात, एखाद्या दिवशी वाटतं एक काढावी.

मालक काल म्हणाले, "श्रावण हाय. शेवाळ धरंल विटांना, निसरड्या होतील. उचलू का?"

मी नको म्हणाले. तेव्हापासून त्या मी रोज पुसून ठेवते.