जाळी कुणी काढली?

आमच्या ह्यांची उजव्या हाताची तीन बोटं भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली, तेव्हा मालकाने त्यांना स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्या गाडीच्या उपकाराने आमचा माणूस इतका दबला, की चार दिवसांनी मालकाने पुढे केलेल्या इंग्रजी कागदावर त्याने न वाचता डाव्या हाताचा अंगठा उठवून दिला. मॅट्रिक झालेला माणूस, आणि अंगठा! कागदात काय लिहिलं होतं ते नुकसानभरपाईची केस उभी राहिल्यावर कळलं. मशीनची संरक्षक जाळी मी स्वतःच काढली होती, असं ह्यांच्या तोंडी घातलं होतं.

"काढली होती का तुम्ही?" मी विचारलं.

"मी तिथं जाळी कधी बघितलीच नाही," हे म्हणाले. "पण हात माझाच चुकला असणार. मालक वाईट नाही गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मालक एवढा चांगला असेल तर देवघरात बसवा त्याला, पण केस मी सोडायची नाही.

वकील म्हणाले, हा कागद खोटा पाडायचा तर मशीनमधला जाणकार साक्षीदार लागेल, कोर्टाला पटेल असा. नाहीतर भरपाई जाईलच, वर निष्काळजी म्हणून शिक्का बसेल, आणि अर्ध्या हाताच्या निष्काळजी माणसाला कुठली कंपनी दारात उभी करणार? मी पदर खोचला.

आधी ह्यांच्याच फोरमनकडे गेले. त्याने चहा पाजला, डोळेही पुसले, आणि म्हणाला, "वहिनी, उद्या मला तिथंच शिफ्टला जायचंय." शेजारच्या वर्कशॉपवाल्याचं निम्मं काम आमच्याच मालकाकडून यायचं, तो घरात असून नाही म्हणून सांगितलं गेलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

मग वकिलांनी पुण्याहून इंजिनिअरिंगचे एक प्राध्यापक आणले. भला माणूस. कोर्टाच्या परवानगीने मशीन पाहिलं, प्रेस किती जोराने खाली येतो ते काढलं आणि दोन पानं लिहिली. जाळी असायला हवी होती, हा निष्कर्ष. अहो, ते मलाही कळत होतं! ती काढली कुणी, असं विचारल्यावर म्हणाले, "ते मी कसं सांगणार, ताई?"

शेवटी भोसरी गावातल्या एका म्हाताऱ्याचा पत्ता लागला. तीस वर्षं प्रेसवर काढून दहाही बोटं शाबूत घेऊन रिटायर झालेला. आमच्या भागात याहून मोठी पदवी नव्हती. दोनदा त्याने मला परत पाठवलं. "शहान्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाई, पोरी." तिसऱ्यांदा मी त्याच्या उंबऱ्यातच बसकण मारली आणि उठेचना. "लई हट्टी हायस," म्हणत त्याने टोपी घातली.

दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर म्हातारा मशीनपाशी वाकला. जोर मोजला नाही, वजन काढलं नाही, त्याने फक्त जाळीचे बोल्ट बसायची भोकं शोधली. ती रंगाने बुजून गेली होती. दर दसऱ्याला वर्कशॉपमध्ये मशीन धुऊन पुसून नवा रंग देतात आणि झेंडूचा हार घालून पूजा करतात, त्याच रंगाने. म्हाताऱ्याने खिळ्याने एक भोक हळूहळू खरवडलं. वर हिरवा, खाली करडा, पुन्हा हिरवा. पाच थर निघाले. बाकीची तीन भोकं त्याने तशीच ठेवायला लावली, उद्या कुणाला बघायची झाली तर असावीत म्हणून. ह्यांना त्या वर्कशॉपमध्ये लागून दोनच दसरे झाले होते.

साक्षीच्या दिवशी मालकाच्या वकिलाने त्याला शिक्षण विचारलं.

"चौथी."

"मग तुम्ही यंत्राचे तज्ज्ञ कसे?"

"दसऱ्याला मशीन रंगवलंय का सायेब तुमी? मी तीस वर्सं रंगवलंय. जाळी लावल्याली असली तर बोल्टावरनं बुरूस फिरतो, भोकात रंग जात न्हाई. हितं पाच दसऱ्यांचा रंग भोकात हाय. हा मानूस तवा ह्या कंपनीत आलाबी नव्हता."

जजसाहेबांनी त्याला ते पुन्हा सावकाश सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. निकाल आमच्या बाजूने लागायला पुढे बरेच महिने गेले, पण माझ्या लेखी केस त्याच वेळी जिंकली होती. मला इतका आनंद झाला होता की कोर्टात हसू नये एवढंही भान राहिलं नाही.

बाहेर आल्यावर ह्यांनी म्हाताऱ्याला हात जोडले आणि वर्षभर मला ऐकवलेलं पालुपद त्यालाही ऐकवलं. "जाळी मी काढली नाही हे खरं, काका. पण हात तर माझाच चुकला ना?"

म्हातारा चिडलाच. "कुनाचा चुकत न्हाई रं? माझा काय कमी येळा चुकला? माझ्या मशीनला जाळी व्हती, येवढंच."

हे तिथेच पायरीवर बसले आणि अपघातानंतर पहिल्यांदा ढसाढसा रडले. मी त्यांना गप्प केलं नाही.